रेडेडोह फुटण्याआधी

पंचगंगा प्रयाग चिखलीपाशी तयार होते. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचे पाणी येथे एकत्र येते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. चारही नद्या पश्चिमेच्या डोंगराळ भागातून उतरतात आणि तिथला पाऊस कोल्हापूरच्या पावसापेक्षा कितीतरी जास्त असतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. म्हणून चिखली आणि आंबेवाडीच्या शिवारात उघडीप असली, ऊन पडले असले, तरी नदी चढतच राहते. या गावांतला माणूस पुराचा अंदाज आपल्या डोक्यावरच्या आभाळाकडे पाहून बांधत नाही. तो पश्चिमेकडे पाहतो, धरणाची बातमी विचारतो आणि राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले ते ऐकतो.

कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा ही पंचगंगेची मोजपट्टी. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फुटांच्याही वर. दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. नदीकाठच्या गावांत तयारीचा प्रश्न त्यानंतर पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर येणार की नाही, यावर तिथे कोणी वाद घालत नाही. वाद असतो तो कधी निघायचे यावर, आणि तो घराघरांत होतो.

या भागातले नेहमीचे घर घेतले, तर त्यात सासू-सासरे, मुलगा-सून, दोन नातवंडे, दावणीला चार म्हशी आणि नदीकाठी एक-दीड एकर ऊस असतो. मुलगा एमआयडीसीत पाळीला जातो. जनावरांचे आणि शेतीचे निर्णय सासऱ्यांचे. सून बचत गटाचे हिशेब लिहिते, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असते आणि पाणीपातळीचा आकडा घरात पहिल्यांदा तिच्याच मोबाइलवर येतो. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोप्यात बसून जो संवाद होतो, तो साधारण असा.

“रस्त्याला पाणी न्हाई, कशाला न्हाई, आणि निघायची घाई,” सासरे म्हणतात. “रेडेडोह फुटू दे. मग बघू.”

“मामा, रेडेडोह फुटल्यावर सगळं गाव एकदम उठतंय. तवा वाट कुणाला गावणार? राजारामला सदतीस फूट झाल्यात. राधानगरीचं दोन दरवाजं उघडल्यात. आजच्या आज निघूया.”

“सदतीस फूट तिकडं बावड्यात. हितं काय झालंय ते माझ्या डोळ्याला दिसतंय की.”

रेडेडोह हे नदीकाठचे ठिकाण. पात्र तुडुंब भरले की तिथून पाणी बाहेर पडते आणि शेतांतून पन्हाळा रस्त्याकडे पसरते. ‘रेडेडोह फुटला’ हे शब्द कानावर आले की पूर आता गावाकडे वळला, हे या परिसरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सासऱ्यांचे ज्ञान अशा खुणांचे आहे. कोणत्या ओढ्याला आधी फुगवटा येतो, कोणाच्या उसात पहिले पाणी शिरते, गावातला कोणता चौक बुडाल्यावर आपल्या परड्यापर्यंत पाणी यायला किती वेळ लागतो, हे त्यांना पाठ आहे. हे ज्ञान कोणत्याही ॲपमध्ये मिळणार नाही आणि त्याला कमी लेखणे चुकीचे ठरेल.

तरीही या खुणांत एक उणीव आहे. पाणी येऊन पोचल्याचे त्या सांगतात. येऊ घातलेल्या पाण्याविषयी त्या गप्प असतात. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहिली जात नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, सातही उघडले तर दहा हजार क्युसेकच्या घरात. हे पाणी खाली पोचायला काही तास लागतात, आणि सुनेचा सगळा हिशेब त्या तासांवर आहे.

“दरवाजा उघडला ह्याचा अर्थ पाणी निघालंय,” ती म्हणते. “ते वाटंत हाय तवरच आपल्याला हलायचंय.”

“दोन दरवाजं दरसाल उघडत्यात. दरसाल बिऱ्हाड पाठीवर घिऊन हिंडायचं का?”

हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. ३९ फुटांचा टप्पा पंचगंगा पुष्कळदा गाठते आणि पुष्कळदा तिथूनच उतरते. दरवर्षी निघायचे, आठ दिवस पाहुण्यांकडे काढायचे आणि पाणी गावात आलेच नाही म्हणून परतायचे, यात पैसे जातात, दूध घटते, माणसे थकतात. पण दुसरा हिशेबही आहे. २०१९ मध्ये अनेक घरांनी २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण प्रमाण मानली होती. पाणी त्या खुणेच्या वर जाणार नाही, या भरवशावर सामान तिच्या वर रचले आणि माणसे थांबली. पाणी खूण ओलांडून गेले. जुनी खूण जुन्या पुराची उंची सांगते. पुढच्या पुरावर तिचे बंधन नसते. या एका मुद्द्यावर सुनेचे म्हणणे निःसंशय अधिक बळकट आहे.

पण सासरे थांबतात ते हट्टापायी, असे समजण्याची चूक बाहेरून येणारे अधिकारी आणि पत्रकार अनेकदा करतात. थांबण्याचे खरे कारण दावणीला असते.

“तुम्ही निघा,” सासरे म्हणतात. “पोरास्नी घ्या, म्हातारीला घ्या. मी ऱ्हातो. चार म्हशी कुणाच्या दारात बांधू? शाळंत मास्तर घेनार हाय व्हय?”

माणूस पिशवी उचलून दहा मिनिटांत बाहेर पडू शकतो. पाचशे किलोची म्हैस तशी निघत नाही. रात्रीच्या अंधारात, पावसात, इंजिनाच्या आवाजात ती पिकअपच्या फळीवर पाय ठेवत नाही. व्यालेली असेल तर रेडकू समोर असल्याशिवाय जागची हलत नाही. गोठा बदलला, धार काढायची वेळ चुकली की दूध चोरते. कासेत दूध राहिले तर दगडी होते आणि सड कायमचा बाद होण्याची भीती असते. दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी हातात येते. त्याच बिलावर किराणा, शाळेची फी आणि सोसायटीचा हप्ता चालतो. एक दुभती म्हैस वाहून गेली तर लाखाच्या आसपासची किंमत जाते, आणि त्याबरोबर घराचा रोजचा आधारही.

पूरग्रस्तांसाठी शाळेत किंवा मंगल कार्यालयात सोय होते ती माणसांची. बचावपथकाच्या रबरी बोटीत म्हैस बसत नाही. जनावरांची सोय आधी ठरलेली नसेल, तर घरातला कर्ता माणूस मागे थांबतो, आणि त्याला आणायला नंतर बोट पाठवावी लागते. गावाने वेळेत निघावे असे ज्यांना खरोखर वाटते, त्यांनी आधी गुरांच्या छावणीची जागा, तिथले पाणी आणि वैरण जाहीर केली पाहिजे. हे ज्या ठिकाणी झाले, तिथे माणसांना फारसे समजावावे लागत नाही.

सुनेने हे ओळखलेले असते. म्हणून ती माणसांच्या कपड्यांपासून सुरुवात करत नाही.

“मामा, आधी वैरण पाठवूया. मग म्हशी. आपण शेवटाला. वरच्या आळीच्या पाहुण्यांच्या शेडात जागा इचारलीया, ते व्हय म्हणाल्यात.”

“किती दिसाची वैरण?”

“आठ.”

“आठ दिसाची म्हंजे किती, ते तरी म्हाईत हाय का?”

प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सासऱ्यांनाच नीट देता येते. एका मोठ्या म्हशीला दिवसाला पाच-सहा किलो कोरडी वैरण आणि वीस किलोच्या आसपास ओली लागते. चार म्हशींचे आठ दिवसांचे गणित मांडले तर दीड ते दोन क्विंटल कडबा आणि सहा-साडेसहा क्विंटल ओला चारा होतो. पावसात ओला चारा कापून साठवला तर दोन दिवसांत तापतो आणि बुरशी धरतो. म्हणून ज्यांच्याकडे मुरघासाच्या पिशव्या आहेत त्यांचे काम सोपे होते. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी कडब्याचा वाटा वाढवायचा आणि पेंडेची दोन पोती जादा घ्यायची. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचलेली हवी, कारण छावणीत दहा गावची जनावरे एका ठिकाणी येतात. इथे संवादाचा सूर बदलतो. सासरे वैरण मोजू लागतात, कोणती म्हैस आधी चढवली तर बाकीच्या मागे येतील ते सांगतात. निघण्याला त्यांनी ‘हो’ म्हटलेले नसते, पण कामाला हात लागलेला असतो.

नदीकाठच्या शेतकऱ्याची पहिली तयारी खरे तर घराबाहेर असते. नदीवरची मोटर वर काढणे हे ते काम. पाणी चढायला लागले की जॅकवेलवरच्या किंवा काठावरच्या मोटरी, स्टार्टरच्या पेट्या आणि केबल सोडवून उंचावर न्याव्या लागतात. चेनपुली, बांबू, चार-पाच जणांचे खांदे. भावकीतल्या आणि शेजारच्या माणसांनी एकेकाची मोटर काढत पुढे जायचे असते. मोटर बुडाली तर ती पुन्हा भरून घ्यायचा खर्च, आणि पूर ओसरल्यावर पाणी द्यायची वेळ येईल तेव्हा रिवायंडिंगवाल्याकडे रांग. या कामात गाव फार क्वचित चुकते. नदीचा पहिला निरोप मोटरीला मिळतो आणि तो सगळ्यांना समजतो.

घरातल्या सामानावरून मात्र सासू आणि सून यांच्यात खटका उडतो. सासूच्या मते माळ्यावर ठेवले की सुरक्षित. तांदळाचे डबे, जोंधळ्याचे पोते, मिक्सर, टीव्ही, लग्नातली भांडी, गादीच्या वळकट्या एकेक करून शिडीवरून वर जातात. सून खाली उभी राहून ते देते, पण सांगत राहते, “आत्ती, गेल्या टायमाला कित्येकांच्या माळ्याला बी पाणी लागलं. धान्य तरी संगट न्यूया.” सासूचे उत्तर ठरलेले: “सगळंच नेलं तर घरात काय ऱ्हाईल गं?” तिच्या दृष्टीने रिकामे घर सोडून जाणे अशुभ असते. शेवटी तोडगा निघतो. धान्यातले निम्मे प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ट्रॉलीत जाते, निम्मे माळ्यावर राहते.

यातल्या काही गोष्टींवर मतभेदाला जागा नाही. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवायचा, कारण तो पाण्यावर तरंगतो आणि आपटून गळू शकतो. मेन स्विच बंद करायचा. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेची पासबुके, सातबाऱ्याचे उतारे, मुलांचे दाखले आणि बचत गटाचे रजिस्टर दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत भरून अंगावर वागवायचे आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचा. पंचनाम्याच्या वेळी कागद नसलेले कुटुंब मागे पडते. घराचे, गोठ्याचे, उसाचे फोटो पूर येण्याआधीही काढून ठेवले तर नुकसान दाखवणे सोपे जाते. हा शहाणपणा गावात २०१९ नंतर आला.

रात्री बातमी येते. इशारा पातळी ओलांडलेली असते. ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून सूचना होते. या वेळी सासरे अलमट्टी धरणाचा विषय काढतात.

“पाणी वरनं न्हाई, खालनं तुंबतंय. कर्नाटकानं अलमट्टी भरून ठेवलीया. ते सोडनात, म्हणून आपण बुडतोय.”

ही समजूत कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात खोलवर आहे. अलमट्टीची सध्याची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४ मीटरच्या वर नेण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र मुख्य कारणे अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूरक्षेत्रातली अतिक्रमणे यांत शोधली. अलमट्टीला तिने मुख्य दोषी ठरवले नाही. तो निष्कर्ष अनेकांना मान्य नाही आणि दोन राज्यांमधला धरणांच्या समन्वयाचा प्रश्न खराच आहे. सून या वादात पडत नाही. “अलमट्टीचं काय ते मुंबईत ठरूदे,” ती म्हणते. “आपल्याला आज रातीचं बघायचंय.” घरापुरते पाहिले तर तिचा मुद्दा पुरेसा आहे: पाणी वरून आले काय किंवा खालून तुंबले काय, म्हैस हलवायला लागणारे तास तेवढेच.

मागे कोण राहणार, हा शेवटचा आणि सर्वांत धोक्याचा वाद. घराची राखण करायला एकाने तरी थांबावे, असे जुन्या पिढीला वाटते. पूर्वी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पुरातून माणसे ने-आण करीत. वल्हवणारा तरबेज असे आणि त्याचा अभिमान अजूनही सांगितला जातो.

“काहिलीतनं बाळंतिणी न्हेल्यात आमी,” सासरे म्हणतात. “बोटीला काय भ्यायचं?”

“बोटीला न्हाई भ्यायचं. बोटीत किती माणसं बसवत्यात, त्याला भ्यायचं. ब्रह्मनाळला काय झालं?”

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. १७ जणांचा जीव गेला. त्यांत बायका आणि लहान मुले होती. ही माणसे बेफिकीर नव्हती. चारी बाजूंनी पाणी वेढल्यावर जी बोट समोर आली तिच्यात चढण्याखेरीज त्यांच्यापुढे मार्ग उरला नव्हता. रस्ता कोरडा असताना ट्रॅक्टरने निघणारे कुटुंब आणि दोन दिवसांनी बोटीची वाट पाहणारे कुटुंब यांच्यात धाडसाचा फरक नसतो. फरक वेळेचा असतो. सासऱ्यांकडे या प्रश्नाला उत्तर नसते. ते चंची उघडतात आणि सकाळी लवकर निघायचे ठरते. म्हशी पहाटेची धार काढून झाल्यावर, उजाडताना, म्हणजे जनावरांना वाट दिसेल अशा वेळी. ही वेळ सासऱ्यांनी ठरवलेली असते आणि ती बरोबर असते. गोठ्यात एखादे जनावर नाइलाजाने राहणारच असेल, तर त्याचे दावे सोडून ठेवायचे. म्हैस पोहते, बांधलेली म्हैस बुडते.

परतल्यानंतरचे काम तयारीचाच भाग मानायला हवे, कारण त्याची साधनेही आधीच लागतात. गाळ ओला असतानाच, उतरत्या पाण्याबरोबर, खराट्याने आणि फावड्याने बाहेर लोटायचा. वाळला की तो भिंतीला आणि फरशीला चिकटतो आणि मग चौपट मेहनत पडते. अडगळीत साप, विंचू असतात, म्हणून काठीने चाचपून मगच हात घालायचा. विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकल्याशिवाय पाणी प्यायचे नाही. वायरमनने पाहिल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचे टाळायचे, कारण लेप्टोचा संसर्ग त्याच वाटेने होतो. उसाचे भवितव्य शेंड्यावर अवलंबून असते. शेंडा पाण्याबाहेर राहिला असेल तर ऊस बऱ्याचदा तगतो. शेंड्याच्या सुरळीत गाळ बसला असेल तर ऊस आतून कुजत जातो, आणि बाहेरून काही दिवस हिरवा दिसला तरी फसायचे नाही.

या सगळ्याच्या मागे एक जुना प्रश्न उभा असतो. १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांना उंचावरच्या सोनतळीला पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले. अनेकांनी तिथे बांधकाम केले, पण गाव पूर्णपणे हलले नाही.

“पलाट दिला, पर गोठ्याला जागा कुठं दिली?” सासरे विचारतात. “रान हितं, म्हशी हितं, आणि निजायला तिकडं? पाटे तीन वाजता धार काढायला रोज कोण येनार?”

“म्हणून तर म्हणतो, तिथं आधी शेड घालूया,” सून म्हणते. “घर मागनं. चार म्हशी उभ्या ऱ्हातील एवढं पत्र्याचं शेड, पाण्याची टाकी आणि वैरणीला एक खोली. पावसाळ्यात दोन म्हयनं म्हशी तिथं, मी बी तिथं. तुम्ही हितं ऱ्हावा, पाणी चढंपर्यंत.”

पुनर्वसनाच्या योजना घर हे एकक धरून आखल्या जातात. या कुटुंबाचे एकक मात्र घर, गोठा आणि शेत मिळून बनते. तीन पिढ्यांत एका घराची तीन घरे झाली तरी प्लॉट एकच राहिला, हीही अडचण आहे. त्यामुळे अलीकडे पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की चिखलीची जनावरे आणि माणसे सोनतळीकडे निघतात आणि ओसरल्यावर परत येतात. पुनर्वसन म्हणून दिलेली जागा पावसाळ्यापुरता निवारा म्हणून वापरात आली आहे. कायम स्थलांतर की हंगामी स्थलांतर, यावर या घरात एकमत झालेले नाही. शेडच्या पत्र्यांचा आणि लोखंडी अँगलचा दर विचारायला मात्र मुलगा दिवाळीच्या बिलानंतर जाणार आहे, आणि शेडची उंची किती हवी ते सासरे सांगणार आहेत.